आग्वाद दीपगृह

आग्वाद दीपगृह : गोव्याच्या बार्देश तालुक्यात, कांदोळी गावाजवळच्या सिकेरी येथील भूशिरावर, आग्वाद किल्ल्याच्या वरच्या कोटात उभे असलेले जुने दीपगृह. बांधणी १८६४. मनोरा गोल, पांढरा, चार मजली, सुमारे १३ मी. उंच. १९७६ मध्ये त्याचा दिवा बंद झाला आणि शेजारी बांधलेल्या नव्या दीपगृहाने काम हाती घेतले. मांडवी नदी जिथे अरबी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर काठावर हा मनोरा आहे. त्यामुळे समुद्राकाठी उभा असूनही त्याला नदीचे दीपगृह म्हणणेच बरोबर. भर समुद्रातल्या खडकावरचा दिवा गलबताला ‘इकडे येऊ नकोस’ असे बजावतो. नदीमुखावरचा दिवा त्याला घराचे दार दाखवतो.

हे दार सोपे नव्हते. मांडवीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा व लाटा त्यांच्यावर आदळू लागल्या की मोठ्या जहाजांना आत शिरणे धोक्याचे होते. त्यामुळे जहाजे दक्षिणेकडच्या झुआरीच्या मुखाशी, मुरगावच्या आडोशाला जात. गोव्याचे मोठे बंदर अखेर पणजीला न होता मुरगावला झाले, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. मांडवीत शिरणाऱ्या तांडेलाला दोन गोष्टी कळाव्या लागत : आपण बरोबर मुखाशी आलो आहोत का, आणि दांडा टाळून कोणत्या अंगाने आत जायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवा देतो. दुसऱ्याचे उत्तर भरती-ओहोटीची समज आणि अनुभव यांतूनच मिळते.

किल्ला दिव्यापेक्षा अडीचशे वर्षांनी जुना आहे. तो पोर्तुगीजांनी १६०९ ते १६१२ या काळात, रुई लोरेन्सू द ताव्होरा या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत बांधला. त्या वेळी राजधानी नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या जुन्या गोव्यात होती, आणि डच आरमार मांडवीचे मुख अडवून तिची नाडी आवळू पाहत होते. मुखावरच तोफा रोवणे हा त्यावरचा उपाय. किल्ल्यावर ७९ तोफा होत्या असे सांगतात. पण त्याचे नाव तोफांवरून पडले नाही. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी आणि ‘आग्वाद’ म्हणजे गोडे पाणी भरून घेण्याची जागा. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करून लिस्बनहून आलेली जहाजे इथल्या झऱ्यावर पिंपे भरून घेत. वरच्या कोटाच्या चौकात जमिनीखाली टाके आहे. १६ खांबांवर छत तोललेले आणि २३,७६,००० गॅलन, म्हणजे ढोबळमानाने एक कोटी लिटर पाणी मावेल एवढे. पाहुणे ज्या मोकळ्या फरसबंद चौकातून चालत दीपगृहाकडे जातात, तो चौक बऱ्याच अंशी या टाक्याचेच छत आहे, आणि हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

रचना दुहेरी आहे. वरचा कोट टेहळणीसाठी आणि पाण्याच्या साठ्यासाठी. खालचा, नदीलगतचा भाग जहाजे लावण्यासाठी आणि पाणी भरण्यासाठी. वरच्या कोटाला जमिनीच्या बाजूने कोरडा खंदक आहे. तट जांभ्या दगडाचे. कोकणात हा दगड कुदळीने कापून काढतात. ताजा असताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. जांभ्याच्या तांबूस तटांमध्ये चुन्याने पांढरा केलेला मनोरा उठून दिसतो. दीपगृहाचा पांढरा रंग शोभेसाठी नसतो. रात्री दिवा जे काम करतो तेच दिवसा हा रंग करतो.

१८६४ हे साल कसे आले, हे पणजीकडे पाहिले की समजते. रोगराई आणि उतरती कळा यांनी जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. नवे शहर मुखाच्या अगदी जवळ. त्यानंतर २१ वर्षांनी मुखावर हा मनोरा उभा राहिला. काही पर्यटन-पुस्तिका त्याला ‘आशियातले सर्वांत जुने दीपगृह’ म्हणतात. ते बिरुद बाजूला ठेवलेलेच बरे, कारण मुंबईत कुलाब्याच्या टोकाला अठराव्या शतकातच दीपगृह उभे होते. आग्वादचे महत्त्व वयात नसून जागेत आहे.

मनोऱ्याच्या परिसराशी एका घंटेचीही गोष्ट जोडलेली आहे. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ १८३५ मध्ये, धर्मसंघांवर बंदी आल्यावर, रिकामा झाला आणि पुढे ढासळला. त्याची प्रचंड घंटा काही काळ आग्वादला टांगलेली होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ चर्चमध्ये गेली आणि तिच्यासाठी चर्चच्या दर्शनी भागावर घंटाघर चढवावे लागले. पणजीच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांच्या चर्चचे छायाचित्र काढणाऱ्याच्या चौकटीत ती घंटा आपोआप येते.

किल्ला लढाईत पडला नाही. १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश जवळजवळ सगळा घेतला, तेव्हाही आग्वाद आणि नदीच्या थोड्या आतल्या अंगाचा रेईश मागूश हे दोनच किल्ले पोर्तुगीजांच्या हाती राहिले. नेपोलियनच्या युद्धकाळात, १७९९ ते १८१३ दरम्यान, गोव्यात इंग्रजांची शिबंदी होती. ती आग्वादलाही मुक्कामाला होती.

विसाव्या शतकात खालच्या कोटाचा तुरुंग झाला आणि ‘आग्वाद’ या शब्दाचा मराठी व कोकणी माणसासाठी अर्थच बदलला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोवामुक्तीचे सत्याग्रही इथे कोंडले जात. १९४६ मध्ये राममनोहर लोहिया दुसऱ्यांदा गोव्यात आले तेव्हा त्यांना पकडून काही दिवस इथेच ठेवले होते. त्याच वर्षी गोवामुक्ती लढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांना आग्वादच्या कोठडीत ठेवले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा सुनावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. वर मनोऱ्यात दिवा आणि खाली कोठड्या, असा हा काळ. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी तुरुंग चालूच राहिला. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले गेले. नूतनीकरणानंतर १९ डिसेंबर २०२१ रोजी येथे स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय खुले झाले. वरचा कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. चालू दीपगृह मात्र केंद्र सरकारच्या दीपगृह खात्याकडे. एकाच टेकाडावरची ही तीन वेगवेगळी घरे असल्याने पाहण्याच्या वेळाही वेगवेगळ्या असतात, आणि एक पाहिले की सगळे पाहिले असे होत नाही.

दिवा असला म्हणजे अपघात टळतात असे नाही. जून २००० मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज सिकेरी-कांदोळीच्या किनाऱ्याला लागले आणि वाळूत रुतले. ते पूर्णपणे हटवायला २०१२ साल उजाडले. दरम्यान जवळपास बारा वर्षे आग्वादच्या तटावरून दिसणाऱ्या देखाव्यात गंजलेला लोखंडी सांगाडा हा कायमचा घटक होता, आणि त्याच्या भोवती किनारा झिजत असल्याची कांदोळीकरांची तक्रार होती.

उत्तर कोकणातील समांतर : नदीच्या दारावर किल्ला बसवायचा ही पोर्तुगीजांची पद्धत आग्वादपुरती नव्हती; उत्तर कोकणातही ती दिसते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तिथे दीपगृह असण्याचा प्रश्नच नाही. पण तिथले पाणी जाते कुठे हे पाहावे. शहापुरातली भातसा आणि मुरबाडातली काळू यांचे पाणी उल्हास नदीत जाते आणि उल्हास वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. त्या मुखाशी वसईचा किल्ला. शहापुरातूनच वाहणारी तानसा वैतरणेला मिळते, आणि वैतरणेच्या मुखासमोर बेटावर अर्नाळ्याचा किल्ला. म्हणजे शहापुरातल्या माहुली डोंगराच्या परिसरात पडणाऱ्या पावसाला समुद्र गाठण्यासाठी दोन दारे आहेत आणि दोन्हींवर एके काळी पोर्तुगीज पहारा होता. अर्नाळा १७३७ मध्ये आणि वसई १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी घेतली. बार्देशात भोसले आग्वादपर्यंत येऊन थांबले तेही हेच वर्ष. उत्तरेचे दार पडले, दक्षिणेचे टिकले, आणि म्हणून गोवा पुढची सव्वादोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे राहिला असे म्हणण्यास जागा आहे. अर्थात एवढे एकच कारण नव्हते.

गलबतांची ये-जा उल्हासमधून कल्याणपर्यंत होई. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथल्या खाडीकाठी जहाजबांधणी सुरू केली. कल्याणच्या वर नदी उथळ आणि खडकाळ होत जाते, पुढचा माल बैलांच्या पाठीवरून मुरबाडमार्गे नाणेघाट चढे. तिथे वाटाड्याचे काम दिव्याऐवजी डोंगर करी : घाटमाथ्यावरचा ‘नानाचा अंगठा’ हा सुळकेवजा कडा खालच्या मैदानातून कोसांवरून दिसतो. ही तुलना ओढूनताणून वाटेल; पण दूरवरून ओळखू येणारी एक आकृती आणि ‘इथून आत’ ही खूण, एवढेच तर दीपगृहाचे काम. कोकणच्या इतर नदीमुखांवर हे काम आजही दिवेच करतात. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईला आणि शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडला दीपगृहे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी शेजारी किल्ला आहेच.

भेट : शहापूर-मुरबाडकडून जाणाऱ्याला ठाणे स्थानक गाठणे सोयीचे. शहापूरकर आसनगावहून लोकलने ठाण्याला येतात; मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा आधी एसटीने कल्याण. ठाण्याहून कोकण रेल्वेची सकाळची मांडवी एक्सप्रेस (नाव याच नदीचे) किंवा रात्रीची कोकणकन्या पकडून थिवीला उतरावे आणि म्हापशामार्गे कांदोळीला यावे. पणजीहून आग्वाद रस्त्याने सुमारे १८ किमी. आहे, नदीपलीकडे ते डोळ्यांसमोर दिसते, तरी रस्त्याला पूल ओलांडून मोठा वळसा पडतो.

पावसाळ्यात तट निसरडे होतात आणि समुद्राकडचे दृश्य अधूनमधून धुक्यात हरवते. पण मांडवीचे मुख पावसाळ्यातच खरे समजते, कारण दांड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ वरून स्पष्ट दिसते. मनोरा बाहेरूनच पाहायचा आहे असे धरून जावे. तटावर उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले की समोर काबोचे टोक आणि त्यावरचे राज्यपालांचे निवासस्थान, त्यापलीकडे झुआरीचे मुख आणि मुरगाव. डावीकडे नदीच्या आत रेईश मागूश आणि पणजी. ‘दिल चाहता है’ या चित्रपटातला तट शोधत येणाऱ्यांची इथे निराशा होते. तो शापोऱ्याचा किल्ला, तोही नदीच्याच मुखावर, पण शापोरा नदीच्या.

बहुतेक पाहुणे वरचा कोट पाहून परत फिरतात. खाली तुरुंगाच्या संग्रहालयाकडे उतरल्याशिवाय ही जागा नदीची आहे हे पटत नाही. तिथे पाणी तटाला लागते आणि मनोरा डोक्यावर, उलट्या बाजूने दिसतो. परतताना पणजीसाठी समोरच्या काठावरच्या बेतीहून फेरीबोट घ्यावी. पायी प्रवाशाला तिकीट नाही, पाच-दहा मिनिटांत पलीकडचा धक्का येतो.