१६ मे १९६० : लेसरचा पहिला झोत

कॅलिफोर्नियातील मालिबूच्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मायमन यांनी १६ मे १९६० रोजी पहिला लेसर चालवून दाखवला. साहित्य म्हणाल तर, टोकांना चांदीचा मुलामा दिलेली, बोटाच्या पेराएवढी माणकाची कांडी आणि तिच्याभोवती छायाचित्रकार वापरतात तसला मळसूत्री फ्लॅशदिवा! ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने त्यांचा निबंध चक्क नाकारला; ऑगस्टमध्ये तो ‘नेचर’ने छापला. उत्तर सापडले, आता प्रश्न शोधा, अशी थट्टाही झाली. पुढे याच प्रकाशाने सीडी वाचल्या, प्रिंटरमध्ये अक्षरे उमटवली, काचतंतूंतून जगभरचे संगणक जोडले. संगणकातली आकडेमोड मात्र अजून मुख्यतः इलेक्ट्रॉनच करतात. प्रकाशाकडे आहे ती माहितीची हमाली. २०१८ पासून १६ मे हा दिवस युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन आहे.