भागाकारातील बाकी

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या तीन पायऱ्या लहान मुले बहुधा उत्साहाने चढतात. चौथ्या पायरीवर मात्र अडखळतात. भागाकाराच्या या भयावर आपल्या जुन्या अंकगणितात काही उपाय होता काय, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, रचलेल्या ग्रंथातील 'लीलावती'मध्ये भागाकाराची रीत अगदी थोडक्यात आली आहे. भाजकास ज्या संख्येने गुणले असता तो भाज्यातून वजा जातो, ती संख्या हेच फळ. आरंभ सर्वांत वरच्या स्थानापासून करावा. आणि दोहोंना एकाच संख्येने छेद जात असेल तर तो आधी द्यावा. उदाहरणही नवे नाही. गुणाकारात १३५ ला १२ ने गुणून १६२० आणविले, तेच १६२० येथे १२ ने भागावयाचे. मूल ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येते. आमच्या मते यातील अध्यापनदृष्टी रीतीपेक्षाही मोलाची आहे. शिवाय हे गणित धूळपाटीवर चाले. वजाबाकी झाली की जुना अंक पुसून तेथेच उरलेला मांडीत; भाज्य डोळ्यांदेखत लहान होत जाई.

पंतोजींच्या शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. ही घोकंपट्टी कंटाळवाणी होती, तिच्यामागे छडी होती, आणि त्या शाळेचे दार सर्व जातींच्या मुलांना व मुलींना उघडे नव्हते, हे विसरून तिचे गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. तथापि पावकी म्हणजे वस्तुतः चाराने भागण्याचाच पाढा होय. तेरा पाव म्हणजे सव्वातीन, हे ज्याच्या जिभेवर बसले त्याला तेराला चाराने भागावयास निराळी रीत लागत नसे. जमाखर्चात हे उत्तर '३।' असे लिहीत. साडेतीनला '३॥', पावणेचारला '३॥।'. उरलेला एक बाजूला ठेवण्याचे कारण नव्हते. त्याचीही वाटणी होई.

नाणी व वजने याच घडणीची होती. शेराचे सोळा छटाक. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. दोघांत, चौघांत, आठांत, सोळांत रुपया सरळ वाटला जाई. तिघांतही प्रत्येकी पाच आणे चार पै येत आणि काही उरत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. हिशेब लिहिणे व बेरजा करणे फार सोपे झाले, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शंभर पैसे तिघांत वाटले की एक उरतो, आठांत वाटले की चार उरतात. २०११ साली पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले, आणि चार आणे ही वस्तू मुलांच्या हातून गेली, बोलण्यात तेवढी राहिली.

पाठ्यपुस्तकातील मूल 'भागाकार ३, बाकी १' असे लिहून मोकळे होते. उरलेल्या एकाचे काय करावे, हा प्रश्न त्याला खरोखर पडलेला असतो. पण उदाहरण तेथेच संपते. आरंभी चिंचोके घेऊन वाटणी करविणे योग्यच. तेरा चिंचोके चौघांना वाटताना एक राहील, व तो राहणारच, कारण अर्धा चिंचोका कोणी मागत नाही. त्यानंतर मात्र तेरा भाकरींची वाटणी द्यावी. येथे कोणतेही मूल तेरावी भाकरी टोपल्यात परत ठेवीत नाही. ती मोडून प्रत्येकाला चतकोर देते. चतकोर हा शब्द त्याने घरूनच आणलेला असतो. त्याला ०.२५ हे नाव मिळावयास अजून काही इयत्ता जावयाच्या असतात.