निळ्या रेघांत उतरलेलें वाङ्मय

राजाश्रय तुटला म्हणजे कला मरते, अशी एक समजूत रूढ आहे. चीनमधील जिंगदेझेन येथील कुंभारांचा सतराव्या शतकांतील इतिहास या समजुतीला छेद देणारा आहे.

जिआंगशी प्रांतांतील हें गांव म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचें माहेरघर. तेथें पांढऱ्या मातीच्या कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगानें चित्र काढीत, वर काचेसारखी झिलई देत आणि सुमारें १३०० अंश उष्णतेच्या भट्टींत तें भाजीत. भट्टींत जातांना मळकट दिसणारी रेघ बाहेर येतांना निळीभोर होई. कोरडी माती रंग तत्काळ शोषून घेई. त्यामुळें चुकलेली रेघ पुसण्याची सोय नसे.

मिंग घराण्याचे बादशहा या भट्ट्यांचें मोठें गिऱ्हाईक. दरबारी भांड्यांवर ड्रॅगनादि ठराविक राजचिन्हें असत. परंतु इ. स. १६२० मध्यें वान्ली बादशहा निवर्तला आणि दरबारची मागणी जवळजवळ थांबली. १६४४ सालीं मिंग राज्यच बुडालें. १६७४ च्या सुमारास बंडाळींत भट्ट्यांचीही धूळधाण झाली. कांग्शी बादशहानें सरकारी भट्ट्यांची घडी पुन्हां नीट बसविली, ती १६८३ च्या सुमारास. मधल्या साठ वर्षांत कुंभारांनीं करावें तरी काय?

त्यांनीं नवा आश्रयदाता शोधला. तो म्हणजे वाचक. त्या काळीं चीनमध्यें लांकडी ठशांनीं छापलेल्या सचित्र कथा-नाटकांचा सुकाळ होता. विद्वान व व्यापारी तीं आवडीनें वाचीत. चितारी तींच चित्रें भांड्यांवर उतरवूं लागले. वांग शिफूच्या 'पश्चिम दालन' या नाटकांत विद्यार्थी झांग प्रेयसीसाठीं भिंत ओलांडतो, तो प्रसंग; तीन राज्यांच्या कथेंतील वीर; आणि कवि सू शी याचा नौकाविहार. हद्दपारींत असतां सू शीनें १०८२ मध्यें 'तांबड्या कड्या'वर गद्यकाव्य रचलें. कित्येक वाडग्यांवर एका अंगास नदी, कडा व होडी, तर दुसऱ्या अंगास त्या काव्याचा मजकूर आढळतो.

दक्षिण चिनी समुद्रांत बुडालेल्या एका जहाजांतून १९८३ मध्यें या काळचीं हजारों भांडीं वर निघालीं. त्यांतील दोन झांकणांवर १६४३ साल घातलेलें आहे. म्हणजे मिंग राज्य कोसळण्याच्या बेतांत असतांनाही गिऱ्हाईक होतें आणि भट्ट्या पेटत होत्या.

पुढें राजाश्रय परत आला, तरी ही आवड ओसरली नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत कांग्शीच्या कारकीर्दींतील एक फुलदाणी आहे. तिच्यावर 'पश्चिम दालना'चे चोवीस प्रसंग रंगविलेले आहेत. घरोघर ग्रंथ वाचणारा असला, तर कारागिराला सिंहासनाकडे डोळे लावून बसावें लागत नाहीं, याची ती मूक साक्ष आहे.