टेम्पोच्या पोटातली मर्सिडीज : जुन्या इंजिनवरचे नंबर कसे वाचायचे

आज पिकाचं नाही, लोखंडाचं लिहितो.

आपल्या चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात गोठ्यामागं नाहीतर चिंचेखाली एखादी जुनी जीप किंवा मॅटाडोर उभी असतेच. भंगारवाला किलोच्या भावानं मागतो. हौशी गिऱ्हाईक आलं तर पहिला प्रश्न विचारतं, "इंजिन ओरिजिनल आहे का?" दोघांनाही उत्तर द्यायच्या आधी इंजिनवरचे नंबर वाचता आले पाहिजेत. त्यात व्यवहाराचा पैसा आहे आणि आपल्या भागाचा इतिहासही आहे.

नंबर दोन जातीचे असतात. एक ओतीव, म्हणजे कास्टिंग नंबर. फाउंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंड ओततात तेव्हाच तो उमटतो, म्हणून अक्षरं वर आलेली, जाडीभरडी असतात. एका पॅटर्नवरून हजारो ब्लॉक निघतात आणि सगळ्यांवर नंबर तोच. म्हणजे हा नंबर इंजिनचं घराणं सांगतो. दुसरा पंच केलेला. ब्लॉक मशीनवर तासून झाल्यावर सपाट जागेवर ठोकतात, म्हणून अक्षरं आत गेलेली असतात. तो एकाच इंजिनचा, आणि आरसी बुकात असतो तोही हाच. एक जात सांगतो, दुसरा नाव सांगतो. एकावरून दुसऱ्याचं अनुमान काढायला गेलात की फसलात.

आता मॅटाडोरचंच बघा. आपण मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो, पण ते मूळचं जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीच्या गाड्यांचं नाव. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो सुरू केली ती याच जर्मन कंपनीच्या सहकार्यानं. सुरुवात मुंबईत, गोरेगावला, तीनचाकी हॅन्सिटनं झाली. पुढं कारखाना आकुर्डीला आला. तिकडं जर्मनीत मूळ टेम्पो कंपनी हानोमागमध्ये गेली आणि १९७० च्या सुमाराला ते सगळं डायमलर-बेंझच्या हाती आलं. जर्मनीत त्याच ठेवणीची व्हॅन मर्सिडीजचा तारा लावून विकली गेली. १९७७ साली तिकडं ती बंद पडली, पण आपल्याकडं मॅटाडोर म्हणून पुढं कितीतरी वर्षं कांदा आणि भाजीपाला वाहत राहिली. याच नात्यातून मर्सिडीजचं डिझेल इंजिन आकुर्डीत बनू लागलं. त्याचं नाव ओएम ६१६. 'ओएम' म्हणजे जर्मनमध्ये तेलावरचं इंजिन. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरलाही हेच घराणं लाभलं.

मर्सिडीजच्या पद्धतीत पंच केलेल्या नंबराचे पहिले तीन आकडे हे घराणं असतं, पुढचे तीन त्यातला उपप्रकार, आणि शेवटी त्या इंजिनचा स्वतःचा क्रमांक. जर्मनीत बनलेल्या ब्लॉकवर सुरुवातीला ६१६ दिसलं तर ते २.४ लिटरचं आणि ६१५ दिसलं तर त्याआधीचं लहान भावंड.

नंबर गंजून गेला असेल तर मापं बोलतात. उघडलेल्या इंजिनचा बोअर ९०.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९२.४ आला तर हिशेब करा. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले ४ सिलिंडर. सेंटीमीटरमध्ये केलं तर २३९९ सीसी येतात. ओएम ६१६ च्या नंतरच्या इंजिनाचा हाच आकडा. आधीच्याचा बोअर ९१, म्हणून २४०४ सीसी. मात्र इंजिन रिबोअर झालं असेल तर बोअर वाढलेला असणार, हे धरून चला.

जीपची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात एकाच नकाशावरून विलीस आणि फोर्ड, दोघांनी जीप बनवल्या. इंजिन नंबर पाण्याच्या पंपामागं, ब्लॉकच्या पुढच्या उजव्या अंगाला पंच केलेला असतो. विलीसच्या नंबराआधी एमबी, फोर्डच्या आधी जीपीडब्ल्यू. फोर्डनं इंजिन आणि फ्रेमला एकच नंबर दिला, विलीसचे दोन्ही मुळातच वेगळे. म्हणून विलीसचे नंबर जुळत नाहीत म्हणून कुणी "इंजिन बदललंय" म्हणत भाव पाडत असेल, तर तो वाद चुकीचा. पुढं महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे, कारण आतलं इंजिन उंच झालं. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. त्या उंच बॉनेटखाली महायुद्धातलं बुटकं इंजिन दिसलं, तर अदलाबदल झालीय हे नंबर न वाचताही कळतं.

तारखेचाही एक साधा नियम आहे. बऱ्याच ब्लॉकवर ओतल्याची तारीख असते, कधी आकड्यांत, कधी छोट्या घड्याळासारख्या गोल खुणेत. आधी ओतकाम, मग मशीन, मग गाडी. ओतल्याची तारीख गाडीच्या सालानंतरची निघाली, तर तो ब्लॉक त्या गाडीबरोबर जन्मलेला नाही.

हे सगळं कशासाठी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदललं की आरसीवर तशी नोंद लागते. पेट्रोल महाग पडतं म्हणून कितीतरी जुन्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. नोंद नसेल तर विकताना घोडं तिथंच अडतं. शिवाय २०२१ पासून ५० वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. म्हणजे त्या पंच केलेल्या आकड्यांवर गाडीची किंमत ठरते.

म्हणून गाडी द्यायच्या आधी एवढं करा. डिझेल आणि तारेच्या ब्रशनं ब्लॉक साफ करा, आकड्यांवर खडू घासा, तिरप्या उजेडात फोटो काढा. दोन्ही नंबर वहीत लिहा आणि आरसीशी ताडून बघा. ग्राइंडर अजिबात लावू नका. पंच केलेली जागा घासलेली दिसली की गिऱ्हाईक आणि आरटीओ, दोघांच्याही मनात शंका येते.

बजाज टेम्पोचं २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. २०१६ पासून याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात मर्सिडीजच्या भारतात बनणाऱ्या गाड्यांची इंजिनं जोडली जातात. हे नातं आजचं नाही. त्याचा जुना पुरावा आपल्या गोठ्यामागं गंजतोय. भंगारात घालायचा असेल तर घाला, पण आकडे उतरवून घेतल्याशिवाय नको.