विनोदी चित्रपटांतील अपंगत्व : हास्याचा रोख कोणाकडे?

विनोदी चित्रपटांत अपंग व्यक्ती ही बहुधा हसविण्याचे साधन म्हणून वावरली आहे. चार्ली चॅप्लिन यांच्या 'सिटी लाइट्स' (१९३१) मध्ये मात्र हा संकेत उलटलेला दिसतो. अंध फुलवाली भांडे विसळून पाणी फेकते आणि ते शेजारी मुकाट्याने बसून तिला न्याहाळणाऱ्या भटक्याच्या तोंडावर पडते. पुढे लोकर गुंडाळताना त्याच्याच अंगातील कपडा उसवत जातो. प्रेक्षक हसतात ते भटक्याच्या फजितीला, तिच्या अंधत्वाला नव्हे. (अखेरीस तिला दृष्टी मिळते, ही पूर्वग्रहाशी केलेली तडजोडच म्हणावी लागेल.)

हिंदीतील 'गोलमाल'ने (२००६) नेमकी विरुद्ध वाट धरली. अंध दांपत्याच्या घरात चार तरुण शिरतात आणि त्या दोघांना दिसत नाही, यावरच बराचसा विनोद उभा राहतो. १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम तेव्हा अकरा वर्षांचा होता. पडद्यावर त्याची सावलीही नव्हती.

'आँख मिचोली' (२०२३) विरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निकाल दिला. अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद, असा भेद त्यात करण्यात आला. न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली नाही. शब्दयोजना व चित्रण यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मात्र घालून दिली.

स्पॅनिश 'कॅम्पिओनेस' (२०१८) आणि त्यावर बेतलेला 'सितारे जमीन पर' (२०२५) यांत बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या भूमिका तशाच व्यक्तींनी केल्या. येथे हसू येते ते उर्मट प्रशिक्षकाच्या अज्ञानाचे. कथेचा नायक मात्र अजूनही तो प्रशिक्षकच आहे.