व्हायरल लोड वाढला म्हणजे काय? एआरटी गोळ्या आणि विषाणूचा औषध-प्रतिकार

सरकारी एआरटी केंद्रातून एचआयव्हीच्या मोफत गोळ्या घेणाऱ्या व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. चाचणीत व्हायरल लोड १००० च्या वर आला की अनेकांना वाटते, आता गोळ्या संपल्या, पुढे औषध नाही. तसे नसते. पुष्कळांचा आकडा त्याच गोळ्या नियमित घेतल्यावर पुन्हा खाली येतो. ज्यांचा येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची औषधेही राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. मात्र हा आकडा का वाढतो हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रतिकार कोण करतो?

इथे शब्दामुळे गोंधळ होतो. ‘रोगप्रतिकार’ ही शरीराची ताकद आहे, ती चांगली गोष्ट. ‘औषध-प्रतिकार’ मात्र शरीर करत नाही, विषाणू करतो. केंद्रावर याला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर गोळी पोटात जाते, पण विषाणूवर लागू पडत नाही.

कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. बीटी बियाणे तेच, पण गुलाबी बोंडअळी मरेनाशी झाली. ज्या थोड्या अळ्या तगल्या त्यांचीच पुढची पिढी वाढली. एचआयव्हीचे असेच आहे, फक्त त्याचा वेग फार जास्त आहे. उपचार नसलेल्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. प्रत्येक नवा विषाणू म्हणजे सुमारे १० हजार अक्षरांच्या मजकुराची नक्कल, आणि नक्कल करताना झालेली चूक सुधारण्याची सोय एचआयव्हीकडे नाही. बहुतेक चुकांनी विषाणूचेच नुकसान होते. एखादी चूक मात्र अशी होते की एक औषध त्या विषाणूला ओळखत नाही.

म्हणूनच एका गोळीत तीन औषधे असतात. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणे विषाणूला फार अवघड जाते. गोळी मध्येच बंद केली की रक्तातील औषधाचे प्रमाण घसरते. ते विषाणूला मारण्याइतके राहत नाही, पण कोणता विषाणू तगेल हे ठरवण्याइतके राहते. पूर्वीच्या गोळ्यांतील नेव्हिरापीन आणि एफाविरेन्झ ही औषधे बाकीच्या दोघांपेक्षा जास्त दिवस रक्तात रेंगाळत. त्यामुळे गोळी सोडल्यावर काही दिवस विषाणूसमोर एकटेच औषध उरे, आणि त्याला हरवायला एका अक्षराचा बदल पुरत असे. सध्याच्या टीएलडी गोळीतील डोल्युटेग्राव्हीर याबाबत बरेच दणकट आहे. तरीही ते अजिंक्य नाही.

प्रतिकारावर लक्ष कोण ठेवते?

पुण्यात भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. अनेक जण तिला आजही ‘नारी’ या नावाने ओळखतात, जरी आता तिचे नाव बदलले आहे. अशा प्रयोगशाळेत रक्तातील विषाणूची जनुके अक्षर-अक्षर वाचली जातात आणि कोणत्या जागी बदल झाला ते पाहिले जाते. देशात कोणती गोळी पहिल्यांदा द्यावी हे ठरवायलाही अशा माहितीचा उपयोग होतो. उपचार सुरू होण्याआधीच नेव्हिरापीन-एफाविरेन्झ गटाला प्रतिकार करणारा विषाणू १० टक्के किंवा त्याहून जास्त लोकांत आढळला, तर त्या देशाने पहिली गोळी बदलावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केली होती.

जनुके वाचण्याची चाचणी प्रत्येकाची होत नाही. ती केव्हा करायची ते तज्ज्ञ ठरवतात. एक गोष्ट मात्र लाभार्थ्यांच्या हातात आहे. चाचणीआधी गोळ्या बंद करू नका. गोळ्या बंद झाल्या की मूळचा विषाणू पुन्हा जोर धरतो, बदललेला विषाणू त्याच्या गर्दीत लपतो आणि चाचणीत दिसत नाही.

आकडा १००० च्या वर आला तर

व्हायरल लोड चाचणी मोफत आहे. उपचार सुरू केल्यावर ती सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी होते. एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या १००० किंवा जास्त प्रती आढळल्या तर गोळी लगेच बदलत नाहीत. आधी तीन महिने समुपदेशन होते, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात आणि मग पुन्हा चाचणी होते. तेव्हाही आकडा वरच राहिला तर प्रकरण राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जाते.

या तीन महिन्यांत समुपदेशकाला खरे सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘सगळ्या गोळ्या घेतल्या’ असे संकोचाने सांगितले, तर औषध निकामी झाले असा अर्थ काढला जाऊ शकतो आणि चांगली गोळी विनाकारण बदलली जाऊ शकते. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी नियमितपणा ९५ टक्क्यांच्या खाली येतो, हे लक्षात ठेवा.

नुसती आठवण करून देणे पुरत नाही, हेही दिसून आले आहे. दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांच्या एका अभ्यासात काहींना दर आठवड्याला मोबाइलवर फोन आणि चित्रसंदेश पाठवले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, फोन येणाऱ्या आणि न येणाऱ्या गटांत उपचार अपयशी ठरण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. गोळी चुकण्याची कारणे अनेकदा विसरण्यापलीकडची असतात: सासरी डबी लपवावी लागणे, रात्रपाळी, बसभाड्याला पैसे नसणे. ही कारणे सांगितली तरच त्यावर उपाय निघतो.

उपवासाच्या दिवशीही टीएलडी घ्यायची असते. ती रिकाम्या पोटी चालते. पित्तासाठी घ्यायची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधे मात्र तिच्यासोबत घेऊ नका. गोळी आधी घ्या आणि ते औषध किमान दोन तासांनी. गरोदरपणातील लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सोबत घ्यायच्या असतील तर जेवणाबरोबर घ्या. टीबीचे औषध सुरू झाले किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर केंद्रावर नक्की सांगा, कारण डोस बदलावा लागू शकतो. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्या, पण दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

गाव बदलताना

ऊसतोडीला बीडहून बेळगावकडे जाणारी जोडपी असोत, किंवा खानापूर-आटपाडीहून गलाईच्या कामासाठी दक्षिणेतील शहरांत राहणारी कुटुंबे, गोळ्यांत खंड पडण्याचा धोका इथे सर्वांत जास्त असतो. एआरटी देशभर मोफत आहे आणि महाराष्ट्रात नोंद असली तरी म्हैसूरमध्ये उपचार पुढे चालू ठेवता येतात. निघण्याआधी केंद्रावर सांगून बदलीचे पत्र घ्या आणि हिरवी पुस्तिका सोबत ठेवा. अचानक जावे लागले तर जवळच्या एआरटी केंद्रावर पुस्तिका दाखवून तात्पुरत्या गोळ्या मागा. मुक्काम जास्त दिवसांचा असेल आणि तब्येत स्थिर असेल, तर एकापेक्षा जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, हेही आधीच विचारून घ्या.

एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार आपली माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. मुकादम किंवा मालकाला कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रातील पात्र व्यक्तींना संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. जवळचे केंद्र कोणते हे विचारण्यासाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.