न झालेल्या रस्त्याची कथा



अरण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच पक्ष उभे राहतात. एक झाडे तोडणारा आणि दुसरा ती राखणारा. आज ज्या अरण्याविषयी मी बोलणार आहे, त्याच्या इतिहासात तिसरा पक्ष अधिक महत्त्वाचा ठरला. तो म्हणजे तेथे केवळ चार दिवस मन रमवायला जाणाऱ्यांचा. हे अरण्य अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या रांगांत पसरले आहे. त्याचे नाव व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वन. विस्तार सुमारे २३ लक्ष एकर. आणि त्यातील काही शिखरे १४,००० फुटांहूनही उंच.

हा मुलूख मुळात यूट लोकांचा. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर आणि हिवाळ्यात खोऱ्यात असा त्यांचा वास असे. घोडा हे त्यांचे वैभव आणि घोड्यांच्या शर्यती हा त्यांचा मोठा आनंद. १८७८ साली नेथन मीकर नावाचा गृहस्थ व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यातील ठाण्यावर सरकारी प्रतिनिधी म्हणून आला. यूटांनी घोडे सोडून नांगर धरावा, हा त्याचा ध्यास. दुसऱ्याच वर्षी त्याने त्यांची कुरणे नांगरायला काढली, आणि त्यांत शर्यतीचे मैदानही सापडले! वाद पेटला, मीकरने सैन्य बोलावले, २९ सप्टेंबर १८७९ रोजी लढाई जुंपली आणि मीकर व त्याचे सहकारी मारले गेले. त्याची शिक्षा साऱ्या जमातीला झाली. १८८१ साली व्हाइट रिव्हरच्या यूटांना युटा प्रांतात घालवून देण्यात आले.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८९१ रोजी, अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी येथील पठार राखीव वन म्हणून घोषित केले. त्या देशातील हे दुसरे राखीव वन. १९०५ साली अशी वने नव्या वनखात्याकडे आली. त्या खात्याची दृष्टी व्यवहाराची होती: लाकूड किती मिळेल, पाणी कसे टिकेल, गुरे किती चरतील. वनविहाराला त्या हिशेबात फारसे स्थान नव्हते.

परंतु लोक येऊ लागले. १९१५ च्या कायद्याने राष्ट्रीय वनांत उन्हाळी घरांसाठी दीर्घ मुदतीने जागा देण्याची सोय झाली. १९१९ साली खात्याने आर्थर कारहार्ट या तरुणाला ट्रॅपर्स लेक या तळ्यावर धाडले. उद्यानांची आखणी हा त्याचा व्यवसाय. तळ्याभोवती रस्ता आखावा आणि काठाने घरांचे भूखंड पाडावेत, एवढेच त्याचे काम होते. तेथे मुक्कामाला असलेल्या दोन शिकाऱ्यांनी त्याच्याशी वाद घातला: हे तळे चार घरमालकांचे होणार की सर्वांचे राहणार? कारहार्टने मोजणी तर पुरी केली. पण परत येऊन त्याने वरिष्ठांना सांगितले, की येथे काहीही बांधू नये. आश्चर्य असे, की वरिष्ठांनी ते मानले!

नोकरीवरच्या माणसाने सोपवलेले कामच करू नये असा अहवाल द्यावा, ही घटना लहान. परंतु तिचा वंशविस्तार मोठा आहे. त्याच वर्षी कारहार्टने आपले विचार आल्डो लिओपोल्ड यांना कळवले. लिओपोल्डांच्या प्रयत्नाने १९२४ साली न्यू मेक्सिकोतील गिला हे क्षेत्र रस्त्यांवाचून राखले गेले. १९६४ साली निर्जन अरण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि १९७५ साली ट्रॅपर्स लेकभोवतीच्या पठारालाही त्याचे छत्र मिळाले.

या वनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९४२ साली येथील डोंगरांत कॅम्प हेल ही लष्करी छावणी उभी राहिली. बर्फावर घसरपट्ट्या बांधून लढणारे सैनिक तेथे तयार झाले आणि १९४५ च्या आरंभी इटलीच्या पर्वतांत लढले. त्याच मोहिमेत, एप्रिलमध्ये, सेनिओ नदीच्या काठी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अमेरिकन सैनिकांपैकी काही जण या डोंगरांत परतले. त्यांपैकी पीट सायबर्ट यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९६२ मध्ये व्हेल येथे बर्फक्रीडेचे केंद्र सुरू झाले. त्याचे उतार याच राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर आहेत. एका तळ्याकाठी रस्ताही नको, आणि दुसऱ्या डोंगरावर पाळण्यांच्या तारा! दोन्ही गोष्टी एकाच वनात, एकाच लोकांच्या नावाने झाल्या. आज गर्दी एवढी, की हँगिंग लेक या लहानशा तळ्यावर जायला २०१९ पासून आगाऊ परवाना लागतो.

तेव्हा ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅम्प हेलला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. घोषणेत सैनिकांसोबत यूटांचाही गौरव होता. परंतु युटामध्ये राहणाऱ्या ज्या यूट जमातीत व्हाइट रिव्हरचे वंशज आहेत, तिने जाहीर निषेध केला. आम्हाला विचारले नाही, ही तिची तक्रार होती. कारहार्टला पडलेला प्रश्न योग्यच होता. मात्र तो प्रथम विचारला जायला हवा होता १८७९ साली, त्या शर्यतीच्या मैदानाच्या कडेला, नांगर जमिनीत शिरण्यापूर्वी.